माहुलच्या नाक्यावरचा वाद

वाचकहो, रविवारी सकाळी वस्तीतल्या चहाच्या टपरीवर चार माणसे जमली की बोलणे कुठल्या कुठे जाते, हे आपणांस ठाऊकच आहे. पाण्याची वेळ, पोराचे ॲडमिशन, थकलेला पगार इथून सुरू झालेली गोष्ट अर्ध्या तासात अमेरिका, रशिया, सुप्रीम कोर्ट आणि अणुबॉम्बपर्यंत पोहोचते. घरातून हाक येते, "अहो, गॅस संपलाय, नंबर लावा आधी. मग अमेरिकेला काय सांगायचं ते सांगा!" शिकलेसवरलेले लोकही गालातल्या गालात हसतात. कामगार माणसाने आपले काम करावे, जगाची उठाठेव त्याला कशाला, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

असे हसणाऱ्यांनी एकदा माहुलला जाऊन यावे. तेथे तंत्रज्ञान, कायदा, सरकार आणि परदेशाचे राजकारण हे वर्तमानपत्रातले विषय राहत नाहीत. ते खिडकीतून घरात येतात. कधी वासाच्या रूपाने, कधी नोटिशीच्या, तर कधी महिन्याच्या भाड्याच्या रूपाने येतात. म्हणून माहुलच्या नाक्यावरचा वाद ऐकण्यासारखा आहे, आणि आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या कामाचाही आहे.

माहुल हे चेंबूरच्या दक्षिणेला, ट्रॉम्बेच्या डोंगराजवळ, खाडीच्या काठी वसलेले कोळ्यांचे जुने गाव. चेंबूर स्टेशनहून बस किंवा रिक्षा करून रामकृष्ण चेंबूरकर मार्गाला लागले की थोड्याच वेळात रस्त्याचा चेहरा बदलतो. दुकाने विरळ होतात, भिंती लांबत जातात, भिंतींवर काटेरी तारा दिसू लागतात. टँकरच्या रांगा लागतात. आत चिमण्या, गोल टाक्या, एकात एक गुंतलेल्या नळ्या. एका बाजूला खताचा कारखाना, पुढे दोन तेलशुद्धीकरण कारखाने, रसायने साठवण्याच्या टाक्या, समुद्राकडे टाटांचे वीजकेंद्र आणि डोंगरापलीकडे अणुसंशोधन केंद्र. एवढ्या सगळ्यांच्या मध्ये माहुलगाव आणि आंबापाडा ही माणसांची वस्ती. आणि गावाच्या जवळ, एकाला एक खेटून उभ्या असलेल्या बहात्तर इमारती.

या इमारतींच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे पाच-सहाजण होते. एक निवृत्त ठेकेदारी कामगार, एक आय.टी.आय. करणारा मुलगा, गावातले एक वयस्क कोळी बाबा, महापालिकेच्या सफाई खात्यातील एक भाऊ आणि त्यांची पत्नी. ताई बाजार करून परतताना पिशवी खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे बोलणे आम्ही ऐकले, थोडे आम्हीही बोललो. त्यातले विषय एकेक करून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धूर नाही, मग वास कशाचा?

पहिला वाद निघाला तंत्रज्ञानाचा. मुलगा म्हणाला, "काका, चिमणी बघा, धूर आहे का? आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं. तुमच्या वेळचं राहिलं नाही." काकांनी ग्लास खाली ठेवला. "बाळा, धूर डोळ्याला दिसतो, वास नाकाला येतो. रात्री दोन वाजता येतो तो वास कशाचा, ते तुझ्या कॉम्प्युटरला विचार."

काकांचा मुद्दा खरा होता, मात्र त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. खनिज तेल तापवून त्याचे भाग वेगळे करतात. हलका भाग वर जातो. त्यातून स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल मिळते आणि तळाशी डांबर उरते. यातले हलके द्रव नुसत्या उन्हानेही उडतात. रिकामी दिसणारी टाकी खरोखर रिकामी नसते, तिच्यात वाफ भरलेली असते. खालून नवे द्रव भरू लागले की ती वाफ वरून बाहेर ढकलली जाते. टँकर भरताना हेच होते, जहाज रिकामे करून किनाऱ्यावरची टाकी भरतानाही हेच होते. बेंझीन, टोल्युइन, झायलीन अशी या वाफांतील द्रव्यांची नावे. धूर न दिसता ती हवेत मिसळतात. डोळे चुरचुरतात, डोके जड होते, छाती भरते. बेंझीन तर दीर्घकाळ शरीरात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

यावर उपाय नाही असे नाही. द्रवावर तरंगणारे छप्पर असलेली टाकी असते, बाहेर पडणारी वाफ पकडून पुन्हा द्रव करणारी यंत्रेही असतात. म्हणजे मुलाचेही खोटे नव्हते, तंत्रज्ञान पुढे गेलेले आहे. प्रश्न एवढाच की ते बसवले कोणी, चालू ठेवले कोणी आणि तपासले कोणी? २०१३ साली के.ई.एम. रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा येथे श्वसनविकारांची पाहणी केली. त्यात दोन तृतीयांशाहून अधिक लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो असे सांगितले. डोळ्यांची आग आणि छातीत कोंडल्यासारखे होणे या तक्रारी तर दहांतील आठांहून अधिक जणांच्या होत्या.

मुलाने मोनोरेलचा विषय काढला. स्वतंत्र भारतातली पहिली मोनोरेल २०१४ च्या फेब्रुवारीत चेंबूर ते वडाळा याच बाजूने धावली. 'फर्टिलायझर टाउनशिप' आणि 'भारत पेट्रोलियम' अशी तिच्या स्थानकांची नावे. "बघा, आपल्याकडे आधी आली," मुलगा म्हणाला. ताई म्हणाल्या, "आली खरी. पण १९ ऑगस्टच्या पावसात लटकली तेव्हा लोकांना शिडी लावून उतरवलं ना?" त्या २०२५ सालची गोष्ट सांगत होत्या. मुसळधार पावसात म्हैसूर कॉलनीजवळ गर्दीने भरलेली गाडी बंद पडली आणि अग्निशमन दलाने शेकडो प्रवाशांना खाली आणले. पुढच्याच महिन्यात सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली. ताईंनी जो निष्कर्ष काढला तो एखाद्या इंजिनिअरनेही ऐकावा. त्या म्हणाल्या, "यंत्र आणलं की काम झालं असं नसतं. त्याची देखभाल कोण करणार, ते आधी ठरवावं लागतं."

रशियाचे तेल आणि माहुलची भट्टी

मग विषय निघाला परदेशाचा. सफाई खात्यातले भाऊ म्हणाले, "रशियाकडून स्वस्त तेल घेतलं तर अमेरिकेच्या पोटात का दुखतं?" काका म्हणाले, "घेतलं स्वस्त, पण आपल्याला पेट्रोल स्वस्त मिळालं का ते सांग."

वाचकहो, हा वाद माहुलला नवा नाही. या मातीत तो सहा दशकांपूर्वीच होऊन गेला आहे. स्वातंत्र्यानंतर देशाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने हवे होते, पण पैसा आणि तंत्र दोन्ही नव्हते. १९५१ साली सरकारने विदेशी कंपन्यांशी करार केले. पंचवीस वर्षे तुमचे कारखाने ताब्यात घेणार नाही, अशी हमी त्या करारांत होती. १९५४ साली अमेरिकन स्टँडर्ड व्हॅक्यूमचा आणि १९५५ साली इंग्रज-डचांच्या बर्मा शेलचा कारखाना येथे सुरू झाला. खोल पाण्याचे बंदर जवळ होते, तेलाच्या जहाजांसाठी समोरचे बुचर बेट होते आणि शहर तेव्हा एवढ्या दूर पसरलेले नव्हते. जागा निवडण्याची ही कारणे.

१९६० साली सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. विदेशी कंपन्यांनी ते आपल्या भट्ट्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. भट्टी आपल्या देशात, पण तिच्यात कोणाचे तेल ओतायचे ते ठरवणार लंडन आणि न्यूयॉर्क! पुढे १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचे भाव चौपट झाले. १९७४ साली एस्सोचे (म्हणजे पूर्वीच्या स्टँडर्ड व्हॅक्यूमचे) आणि १९७६ साली बर्मा शेलचे उद्योग संसदेने कायदे करून सरकारकडे घेतले. त्यांतून आजच्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाचे तेल पुन्हा सवलतीत मिळू लागले. या वेळी भट्टीचा मालक विदेशी नव्हता, त्यामुळे ते घेता आले. त्यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आणखी पंचवीस टक्के कर लावला, ही गोष्टही आपण वाचली आहे.

कोळी बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मालक बदलला म्हणता. पण खाडीला काय कळतंय मालक कोण ते?" यावर कोणी काही बोलले नाही. बाबांच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम.एस.सी. चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, तवंग किनाऱ्यावरच्या तिवरांपर्यंत आला आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. चित्रावर झेंडा पनामाचा होता. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याच देशाचा आणि जाळे रिकामे आले ते इथल्या कोळ्याचे. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणतात ते हेच.

सरकारी मालकी आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही, हे बाबांचे म्हणणे आम्हांला पटले. पण मालकी कोणाची हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे, हे मात्र पटले नाही. एस्सो आणि बर्मा शेलबद्दलचे ते जुने कायदे २०१६ साली रद्द करण्यात आले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत पेट्रोलियममधील सरकारचा संपूर्ण हिस्सा विकण्यास मंजुरी दिली आणि २०२२ च्या मे महिन्यात ती विक्री मागे घेण्यात आली. सरकारी कंपनीत मागासवर्गीयांना राखीव जागा असतात, तेथे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. खाजगी मालकाला ही बंधने नसतात. तेव्हा "मालक कोण" हा प्रश्न आपल्या मुलांच्या नोकरीचा प्रश्न आहे. तो टपरीवर जरूर विचारावा.

डोंगरापलीकडच्या अणुकेंद्रावरूनही थोडी चकमक झाली. 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत सुरू झाली. १९६० साली कॅनडाच्या मदतीने दुसरी भट्टी आली, तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले. त्याच भट्टीतील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटासाठी वापरले गेले. कॅनडाने मदत बंद केली. पुढे अमेरिकेशी अणुकरार झाला आणि त्यात ठरल्याप्रमाणे २०१० साली ती भट्टी कायमची बंद करण्यात आली. मुलाला याचा अभिमान वाटत होता, काकांना काळजी वाटत होती. दोघांनाही तसे वाटण्याचा अधिकार आहे, असे आम्ही म्हणालो आणि चहा पुन्हा मागवला.

बहात्तर इमारती

आता सरकारचा विषय. समोरच्या या इमारती आकाशातून पडलेल्या नाहीत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी येथे बहात्तर इमारतींत सतरा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. प्रत्येक घर सव्वादोनशे चौरस फुटांचे. ती कोणाला मिळाली? मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीच्या कडेला विद्याविहार, घाटकोपर अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुटुंबांना.

झाले असे, की जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर दिला. नळाला कोणी घातपात केला तर सगळे शहर तहानेले राहील, ही भीती त्यामागे होती. भीती चुकीची म्हणता येणार नाही. त्या आदेशाप्रमाणे घरे पाडली गेली आणि २०१७ साली हजारो कुटुंबे माहुलला पाठवण्यात आली. त्याच वर्षी मोकळ्या झालेल्या पट्ट्यात एकोणचाळीस किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याची महापालिकेची योजनाही पुढे आली.

म्हणजे पाहा, शहराच्या पाण्याला धोका नको म्हणून ज्यांना हलवले, त्यांना आणून बसवले ते तेलाच्या टाक्यांच्या शेजारी. पाण्याच्या नळाची काळजी घेणाऱ्या सरकारला माणसाच्या श्वासनळीची काळजी तेव्हा सुचली नाही. शाळा दूर, कामाची घरे दूर, मोठे सरकारी रुग्णालय दूर. घरकाम करणाऱ्या भगिनींची कामे सुटली. आणि धोका हा काही कल्पनेतला नव्हता. १९८८ सालच्या नोव्हेंबरमध्ये येथील कारखान्याला लागलेल्या आगीत तीसहून अधिक माणसे दगावली होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा स्फोट होऊन आग भडकली, चाळीसहून अधिक जण जखमी झाले.

कोर्टाच्या कागदाने काय होते?

काका कोर्टावर नाराज होते. "घर तोडायचा आदेश कोर्टाचा, आणि न्याय मागायला जायचं तेही कोर्टात! कागदानं काय होतं?"

पण कागदाने काय काय झाले ते पाहू. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी २०१४ साली पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. टपरीवर बसणारी असतात तशीच ही साधी माणसे. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने निकाल दिला की येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका जाणवण्याजोगा आहे. लक्षात घ्या, हा निकाल २०१५ चा आणि कुटुंबे आणली २०१७ साली. म्हणजे शासनाला कळत नव्हते असे म्हणण्याची सोयच या कागदाने ठेवली नाही. पुढे २०२० साली लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली.

विस्थापित कुटुंबेही उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्या किंवा भाडे द्या. त्याला घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा आधार होता. हुकूम आला तरी घर मिळेना. तेव्हा त्या ऑक्टोबरपासून कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या फुटपाथवरच येऊन बसली. ऊन, पाऊस, मुलांच्या परीक्षा सगळे त्या फुटपाथवर. वर्षभराहून अधिक काळ हे चालले आणि त्यात महिला पुढे होत्या. २०१९ साली उच्च न्यायालयाने दर कुटुंबाला महिना पंधरा हजार रुपये भाडे आणि पंचेचाळीस हजार रुपये अनामत देण्याचा आदेश दिला.

हे ऐकल्यावर काका म्हणाले, "भाडं म्हणजे घर नव्हे." अगदी खरे. पण ताई म्हणाल्या, "काका, कागद नसता तर ते पण नसतं. नुसतं बसून पण मिळालं नसतं, नुसतं कोर्टात जाऊन पण नाही. दोन्ही केलं म्हणून मिळालं." आम्हांला वाटते, या विषयावर यापेक्षा मोठे भाष्य कोणी वकीलही करणार नाही.

घर घ्यावे की न घ्यावे?

यानंतर वादाने असे वळण घेतले की सगळ्यांचेच आवाज चढले. २०२५ साली महापालिकेने माहुलमधील रिकामी ९,०९८ घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत प्रत्येकी बारा लाख साठ हजार रुपये. प्रतिसाद अगदी थंड मिळाला.

सफाई खात्यातील भाऊ म्हणाले, "आमची खोली नोकरीची. रिटायर झालो की सोडावी लागते. बारा-साडेबारा लाखांत मुंबईत न्हाणीघर तरी मिळतं का? पोरांच्या डोक्यावर छप्पर होईल." त्यांची पत्नी तिथल्या तिथे म्हणाली, "खोली स्वस्त आणि दमा फुकट! ज्या घरातून लोकांना कोर्टानं बाहेर काढायला सांगितलं, ते घर आपण पैसे देऊन घ्यायचं?" भाऊ म्हणाले, "मग गावाकडे जायचं का? तिथं कोणतं घर बांधून ठेवलंय आपल्या बापानं?"

वाचकहो, हसण्यासारखे यात काही नाही. आपल्या समाजातील किती कुटुंबे पिढ्यान् पिढ्या सफाई खात्यात राबत आली आहेत आणि निवृत्तीच्या दिवशी खोलीची किल्ली परत देऊन बाहेर पडली आहेत! छप्पर आणि श्वास यांतून एक निवडा, असे ज्या माणसाला सांगितले जाते, तो टपरीवर सरकार, कायदा आणि तंत्रज्ञान यांवर बोलतो तेव्हा गप्पा मारीत नसतो. तो आपल्या घराचा निर्णय करीत असतो. या नवराबायकोंत कोण बरोबर, हे आम्ही सांगणार नाही. पण हा वाद कसा करावा, याबद्दल दोन शब्द सांगावेसे वाटतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी एक गोष्ट देशाच्या नजरेस आणली. संसदीय पद्धत या भूमीला परकी नाही, भगवान बुद्धांच्या भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम होते, असे त्यांनी दाखवून दिले. संघाच्या महत्त्वाच्या कामात ठराव आधी स्पष्ट शब्दांत मांडला जाई, मग तीनदा विचारले जाई की ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही, तरच संमती समजत. म्हणजे विरोध करणाऱ्याला तीन वेळा संधी! आपल्या घरात ठराव मांडायच्या आधीच "तू गप्प बस, तुला काय कळतं" होते. माहुलला सर्वांत नेमके बोलल्या त्या ताई, आणि त्या टपरीवर बसलेल्या नव्हत्या, पिशवी घेऊन कडेला उभ्या होत्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की असा वाद बायकापोरांसह करावा. वास त्यांनाच दिवसभर घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट, कागद मागावा. "असं ऐकलं" यावर वाद संपवू नये. हवेची तपासणी कधी झाली, आकडे किती आले, टाक्यांवर वाफ पकडण्याची यंत्रे आहेत का, आग लागली तर इमारतीतून कोणत्या रस्त्याने निघायचे, हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. २००५ सालचा हा कायदा. केंद्र सरकारकडे अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते शुल्कही नाही. घर घेणाऱ्याने घराचा नकाशा पाहावा, तसा हा कागदही पाहावा.

तिसरी गोष्ट, वाद रविवारी संपवून सोमवारी विसरू नये. हरित लवादाकडे गेलेली माणसे आणि फुटपाथवर बसलेल्या भगिनी यांनी हेच केले. बोलणे त्यांनी अर्जापर्यंत आणि अर्ज निकालापर्यंत नेला.

माहुलला जायचेच असेल तर हिवाळ्यात जावे. थंडीपासून मे महिन्यापर्यंत शिवडी-माहुलच्या खाडीत हजारो फ्लेमिंगो उतरतात. ओहोटीला चिखलात उभे राहून ते खाणे शोधतात, आणि त्यांच्या मागे टाक्या आणि चिमण्या दिसतात. शहरातले लोक दुर्बिणी घेऊन ते पाहायला येतात, छायाचित्रे काढतात. मुलांना जरूर दाखवावे. पण तेथून परतण्यापूर्वी त्या इमारतींपर्यंतही चालत जावे. पाखरांना हवा मानवली नाही तर ती उडून दुसऱ्या खाडीत जातात. माणसाला तसे जाता येत नाही. त्याला बोलावे लागते, विचारावे लागते, अर्ज लिहावा लागतो. म्हणून पुढच्या रविवारी आपल्या टपरीवर अमेरिका-रशियाचा विषय निघाला तर लाजू नका. बोला, पण त्या तेलाची टाकी कोणाच्या घराशेजारी आहे, हेही त्याच बैठकीत विचारा.